एकसरचे वीर आणि ठाण्याचा शेवटचा शिलाहार

बोरिवली पश्चिमेला एकसर नावाचे जुने गाव आहे. मेट्रोच्या २अ मार्गिकेवरचे स्थानकही आता त्याच नावाने ओळखले जाते. या गावात काळ्या पाषाणाच्या उंच शिळा उभ्या आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांचे तपशीलवार वर्णन आहे. बोरिवली स्थानकाच्या वायव्येला साधारण मैलभर अंतरावर, एका तळ्याच्या पश्चिम काठच्या आमराईत तेव्हा अशा सहा शिळा होत्या. त्यांतल्या चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद होत्या, बाकीच्या लहान. प्रत्येकीवर आडवे पट्टे पाडून युद्धाचे प्रसंग कोरलेले आहेत आणि माथ्यावर कलश आहे. हे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, आहेत. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी सापडतात, पण एकसरच्या काही शिळांवर जे आहे ते फार थोड्या ठिकाणी दिसते. तिथे समुद्रातली लढाई आहे. ही लढाई म्हणजे १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने ठाण्याचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला समुद्रात बुडवले तो प्रसंग, असे बहुतेक पुस्तके सांगतात. हे अनुमान खरे असण्याचा बराच संभव आहे. पण त्यामुळे या शिळांवर एक अन्यायही झाला आहे. त्या प्रसंगाचे वर्णन करणाऱ्या एका दरबारी श्लोकाखाली छापलेले चित्र एवढीच त्यांची किंमत उरली आहे. माझे म्हणणे असे की त्या स्वतंत्र साक्षीदार आहेत. त्यांची जबानी श्लोकापासून वेगळी काढून ऐकली, तर राजाच्या बुडण्यापेक्षा मोठी गोष्ट कळते. ती म्हणजे या खाडीकाठच्या माणसांनी समुद्रावर कशी लढाई केली आणि आपल्या मेलेल्यांना कोणता मान दिला.

ही लढाई का झाली हे समजायला साडेचारशे वर्षे मागे जावे लागते. उत्तर कोकणचे शिलाहार नवव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून पुढे आले. त्यांच्या सर्वांत जुन्या खुणा एकसरपासून फार दूर नाहीत. बोरिवलीच्याच डोंगरातल्या कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी या शिलाहार राजांच्या काळचे लेख आहेत. त्यांपैकी एकात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध भक्ताने शंभर द्रम्मांचे दान दिल्याची नोंद आहे. शक ७७५ मध्ये बंगालचा माणूस साष्टी बेटाच्या डोंगरात येऊन नाण्यांत दान देतो, यावरून हा किनारा जगाला किती जोडलेला होता ते दिसते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल्-मसूदी चौलला आला. तेव्हा त्याला तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आढळली आणि तिथल्या राजाचे नाव त्याने झंज असे दिले. शिलाहारांच्या वंशावळीत त्याच काळात झंझ नावाचा राजा आहे. परक्या प्रवाशाची नोंद आणि घरचा ताम्रपट इतके नेमके जुळणे आपल्या इतिहासात क्वचितच घडते.

या घराण्याचे बळ जमिनीच्या महसुलाइतकेच बंदरांच्या जकातीत होते. शक १०१६ म्हणजे १०९४ सालच्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव या राजाने भाभण आणि धणाम या दोन श्रेष्ठींच्या जहाजांना जकात माफ केली आहे. ज्या बंदरांत ही माफी लागू होती त्यांची नावेही दिली आहेत: स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. यांतली स्थानक, शूर्पारक आणि चेमुली म्हणजे ठाणे, सोपारा आणि चौल. ज्या राजाला जहाजांची जकात माफ करणे हे मोठे दान वाटते, त्याची तिजोरी कशावर भरत होती हे वेगळे सांगायला नको. अंबरनाथचे शक ९८२ मधले शिवालय याच पैशातून उभे राहिले असे मानायला हरकत नाही. पण बंदरांवर जगणाऱ्या राज्याला दोन बाजूंनी धोका असतो. समुद्रावरून दुसरा दर्यावर्दी येतो आणि घाटावरून घोडदळ उतरते. शिलाहारांनी दोन्ही अनुभवले. गोव्याच्या कदंबांनी त्यांच्यावर चाल केली, माळव्याच्या भोजाने १०२० साली कोकण जिंकल्याचा उत्सव ताम्रपटात नोंदवला, आणि बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळाच्या सेनापतीने त्यांच्या मल्लिकार्जुन राजाला मारले. प्रत्येक वेळी हे राज्य वाकले आणि पुन्हा उभे राहिले. समुद्राकडचा दरवाजा उघडा होता हे त्याचे मोठे कारण असावे. घाटावरून आलेला शत्रू खाडीपाशी येऊन थांबे आणि राजा पाण्यावर सुरक्षित राही.

तेराव्या शतकात हे गणित बदलले. देवगिरीचे यादव स्वतंत्र होऊन दख्खनचे प्रमुख सत्ताधीश बनले. सिंघणाने कोल्हापूरची शिलाहार शाखा आधीच संपवली होती. कृष्ण यादवाच्या काळात ठाण्याच्या शिलाहारांशी चकमकी झाल्या, पण राज्य टिकले. १२६१ मध्ये कृष्णाचा भाऊ महादेव गादीवर आला. यादवांकडे काळी जमीन होती, हत्ती होते, घोडदळ होते. पण घोडे अरबस्तानातून आणि इराणातून समुद्रमार्गे येत, आणि ज्या बंदरांत ते उतरत त्यांतली जवळची बंदरे दुसऱ्याच्या ताब्यात होती. दख्खनच्या पठारावर प्रबळ झालेल्या कोणत्याही सत्तेने कधी ना कधी घाट उतरून कोकणाकडे पाहिले आहे. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीने पुरी या सागरी नगरीवर शेकडो नौका नेल्याचे ऐहोळेच्या प्रशस्तीत सांगितले आहे. महादेवाची मोहीम हा त्याच जुन्या ओढीचा पुढचा अंक होता.  या वेळीही घाटावरची सत्ता किनाऱ्यावर थांबली नाही, ती पाण्यात उतरली.

या मोहिमेचा जवळजवळ एकमेव लेखी आधार म्हणजे महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथातली प्रशस्ती. मंदिरबांधणीच्या शैलीमुळे ज्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले तोच हा हेमाडपंत. प्रशस्ती सांगते ती कथा अशी: महादेवाच्या मदमस्त हत्तींपुढे कोकणच्या सोमराजाचे सैन्य खचले, तो समुद्राकडे वळला, आणि नौकांत कुशल असूनही सैन्यासह बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशी कल्पना कवीने वर जोडली आहे. प्रशस्तीची भाषा फुगवलेली असते, हे मान्य. पण तिच्यात दोन तपशील असे आहेत की जे केवळ स्तुतीसाठी सुचणार नाहीत. शत्रूला नौकांत कुशल म्हणणे हे शत्रूचे कौतुक आहे, आणि ते कवीने करून टाकले आहे. राजा पकडला गेला नाही किंवा शरण आला नाही, तो समुद्रात संपला, हाही तसाच वेगळा तपशील आहे. जमिनीवर हत्तींच्या बळावर हरलेले सैन्य जहाजांकडे जाते आणि तिथेही गाठले जाते, हा क्रम त्या काळच्या भूगोलाशी जुळतो. ठाण्याहून खुल्या समुद्राकडे जायचे तर एक वाट उत्तरेच्या वसईच्या खाडीतून आणि दुसरी दक्षिणेच्या ठाण्याच्या खाडीतून होती. पश्चिमेला मनोरी-गोराईच्या खाडीत छोट्या नौका लपायला जागा होती. एकसर साष्टीच्या या वायव्य कोपऱ्याच्या अगदी जवळ आहे.

आता शिळांकडे वळू. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्ट्यात माणूस मरतो, मधल्या पट्ट्यात अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या पट्ट्यात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. एकसरच्या शिळांवर दोनपासून आठपर्यंत पट्टे आहेत. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, तिथे घोडेस्वार, धनुर्धारी, हत्ती आणि पळणारे शिपाई दिसतात. गॅझेटियरच्या वर्णनातल्या एका शिळेच्या तळाला पाच जहाजे आहेत. त्यांची टोके उंच उचललेली, मध्ये डोलकाठी, बाजूला नऊ वल्ह्यांची एक रांग आणि वर धनुष्य ताणून उभे असलेले लढवय्ये. त्याच्या वरच्या पट्ट्यात ही जहाजे शत्रूवर चालून जातात आणि माणसे पाण्यात पडतात. आणखी एका शिळेवर याहून मोठा ताफा आहे. सर्वांत वर कैलासावरचे शिव-पार्वती आणि मग कलश. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या शिळांवर राजा ओळखू येत नाही. छत्र, सिंहासन, नावाचा लेख यांपैकी राजाकडे बोट दाखवणारे काहीच नाही. इथला नायक तो आहे जो लढताना पडला आणि वर गेला. प्रशस्तीत सोमेश्वरासह बुडालेले सैन्य एका शब्दात उरकले आहे. शिळांवर त्याच सैन्यातल्या, किंवा त्याच्याशी लढलेल्या, एकेका माणसाला दहा-दहा फूट दगड मिळाला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वीरगळांची कोरणी ठरलेल्या साच्यात होत असे. अप्सरा, माळा, लिंगपूजा हे सारे कोठल्याही तालुक्यात सारखेच दिसते, मग त्याला साक्ष कशी म्हणायची? वरच्या पट्ट्यांपुरते हे खरे आहे. स्वर्ग सगळ्यांचा एकच असतो. पण तळाचा पट्टा साच्यात बसत नाही, कारण तिथे मरणाचे कारण दाखवायचे असते. घाटावर गायी राखताना मेलेल्याच्या शिळेवर गायी येतात. एकसरला तिथे जहाजे आली. ज्या कारागिराने वल्हेकऱ्यांची रांग, उंच नाळ, डोलकाठी आणि धनुर्धाऱ्यांचे स्थान एवढे नेमके कोरले, त्याने लढाऊ जहाज पाहिलेले होते, किंवा ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून ते कोरले. घाटावर बसून कल्पनेने काढलेले हे जहाज वाटत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. शिळांवर नाव वाचता येत नाही, सालही नाही. काहींनी त्यांना अकराव्या शतकातले मानले आणि त्यांचा संबंध भोजाच्या कोकणस्वारीशी जोडला. कदंबांच्या आरमाराचाही विचार करता येतो. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या शिलाहार लेखांच्या थोर संपादकाने सोमेश्वर-महादेव युद्धाच्या बाजूने कौल दिला. मला तो पटतो, कारण हत्तींचे जमिनीवरचे युद्ध आणि नौकांचे समुद्रावरचे युद्ध या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात सांगणारा लेखी पुरावा याच लढाईचा आहे, आणि शिळांच्या रांगेतही दोन्ही एकत्र आहेत. पण माझा मुद्दा या कौलावर टांगलेला नाही. उद्या कोणी सिद्ध केले की ही लढाई भोजाच्या काळची आहे, तर सोमेश्वराचे चित्र हातचे जाईल. साष्टीच्या या टोकाला वल्ह्यांच्या जहाजांचे ताफे लढले आणि त्यांत मेलेल्यांची आठवण दगडात ठेवण्याइतकी महत्त्वाची मानली गेली, हे मात्र तसेच उरेल. सगळ्या शिळा एकाच दिवशीच्या आहेत असे धरून चालण्याचेही कारण नाही. जमिनीवरच्या लढाईच्या शिळा एका प्रसंगाच्या आणि जहाजांच्या दुसऱ्या प्रसंगाच्या असू शकतात.

तिसरा प्रश्न आक्षेपापेक्षा कोड्यासारखा आहे. या शिळा कोणत्या बाजूने उभारल्या? एवढे पाषाण घडवायला पैसा आणि निवांतपणा लागतो. तो जिंकलेल्याकडे असतो. म्हणून या यादवांच्या वीरांच्या शिळा असाव्यात, असे म्हणता येईल. उलट बाजूने पाहिले तर यादवांचे शिपाई घाटावरचे. त्यांच्या घरच्यांनी स्मारक आपल्या गावी केले असते. एकसरला ते करणारे लोक इथलेच, म्हणजे शिलाहारांच्या जहाजांवरचे असावेत. तिसरीही शक्यता आहे. महादेवाने सोमेश्वराला समुद्रात गाठले ते स्वतःच्या जहाजांनी गाठले असण्याचा संभव कमी, कारण घाटावरच्या राज्याकडे आरमार कोठून येणार? त्याने किनाऱ्यावरच्याच कोणाची तरी जहाजे आणि माणसे मिळवली असतील. तसे असेल तर दोन्ही बाजूंना कोकणचेच दर्यावर्दी होते आणि या शिळा त्यांच्यापैकी कोणाच्याही असू शकतात. मला ही शक्यता सर्वांत जास्त विचार करण्याजोगी वाटते.

या युद्धाचे परिणाम लवकर दिसले. १२७२ च्या ठाणे ताम्रपटात रामचंद्र यादवाच्या वतीने अच्युत नायक कोकणचा कारभार पाहताना आढळतो. ठाण्याचा राजा गेला आणि ठाण्याचा अधिकारी आला. पण यादवांना समुद्र सांभाळणे जमले असे दिसत नाही. शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याचे जे वर्णन लिहिले त्यात कातडे, सुती कापड आणि धूप यांच्या व्यापाराबरोबर चाच्यांचाही उल्लेख आहे. त्याच्या म्हणण्यानुसार तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता. लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. ज्या घोड्यांच्या वाटेसाठी बंदरे घेतली, ते घोडे आता असे मिळत होते. शिलाहारांच्या काळात जकात माफ करून व्यापारी जहाजे बोलावली जात. पुढे त्याच पाण्यात जहाजे लुटली जाऊ लागली. याचा सगळा दोष १२६५ च्या लढाईवर टाकता येणार नाही, कारण चाचेगिरी या किनाऱ्याला जुनीच होती. पण समुद्र जाणणारे घराणे नाहीसे झाले आणि त्याची जागा घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते, हे स्पष्ट आहे. पुढे यादवच संपले. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले तेव्हा तिथे मुसलमान अधिकारी होता. मग गुजरातचे सुलतान आले, आणि १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. एकसरच्या शेजारच्या मंडपेश्वरच्या लेण्याचे त्यांनी चर्च केले. शिळा मात्र जागच्या जागी राहिल्या.

आता प्रश्न येतो तो या शिळांच्या आजच्या जागेचा. त्या संग्रहालयात हलवाव्यात, हे म्हणणे वरवर पाहता सुज्ञपणाचे आहे. भोवती इमारती उठल्या आहेत, पाऊस आणि खारी हवा दगडाला खाते, आणि आपल्याकडे वीरगळांना शेंदूर किंवा रंग लावण्याची रीत आहे, त्याने कोरीवकाम भरून जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आहेत, आणि ते तिथे आहेत म्हणून वाचले. पण अशोकाच्या लेखाचा अर्थ त्याच्या अक्षरांत आहे. तो कोठेही नेला तरी वाचता येतो. अक्षर नसलेल्या दगडाचा अर्थ त्याच्या जागेत, त्याच्या दिशेत आणि शेजारच्या दगडांशी असलेल्या नात्यात असतो. मेक्सिकोतल्या ओल्मेक संस्कृतीच्या प्रचंड दगडी मस्तकांनी हे जगाला दाखवले आहे. ला वेंता या ठिकाणची ही मस्तके आपल्या शिळांसारखीच बेसाल्टची. ती दूरच्या डोंगरांतून दलदलीच्या मुलखात ओढून आणलेली होती. १९४० मध्ये मॅथ्यू स्टर्लिंगने तिथे काम केले तेव्हा मस्तकांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, कोणती तीन एका रांगेत उत्तरेकडे पाहतात आणि कोणते एक दक्षिणेला वेगळे बसले आहे, या नोंदी झाल्या. पुढे तेलाच्या उद्योगामुळे ती जागा धोक्यात आली. तेव्हा कवी कार्लोस पेयिसेर यांनी पुढाकार घेऊन ती शिल्पे व्हियाएर्मोसा शहरातल्या उघड्या उद्यानात नेली. ते उद्यान १९५८ साली सुरू झाले. शिल्पे वाचली, आणि झाडीत ती आजही भव्य दिसतात. पण ती नगरीच्या सीमा राखत होती, हे आपल्याला उद्यान पाहून कळत नाही. जुन्या नोंदींवरून कळते.

ला वेंतासारखी वेळ एकसरवर आलेली नाही, म्हणून दगड उचलण्याची घाई करण्याचे कारण नाही. नोंदींची घाई मात्र करायला हवी. १८८२ चे वर्णन हातात आहे. त्यात कोणती शिळा कोठे, तळे कोणत्या बाजूला, कोणत्या पट्ट्यात किती जहाजे, एवढे आहे. त्याच्याशी आजची स्थिती दगडागणिक ताडून पाहता येईल. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातल्या अभ्यासकांनी साष्टीत गावोगाव फिरून वीरगळ, गधेगाळ (शापवाणीच्या शिळा) आणि लेणी यांच्या नोंदी केल्या, तेव्हा उपनगरांच्या गल्ल्यांत किती जुने दगड अजून उभे आहेत ते समोर आले. त्या कामात एकसरच्या जहाजांचे मोजमाप, वल्ह्यांची संख्या, नाळेचा आकार आणि डोलकाठीची जागा यांचा त्रिमिती आलेख जोडला, तर त्याची तुलना जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या कदंबकालीन वीरगळांशी करता येईल. त्यांच्यावरही समुद्रयुद्ध कोरलेले आहे. दोन्हीकडची जहाजे एकाच घडणीची ठरली, तर उत्तर आणि दक्षिण कोकणचे नौका बांधणारे एकमेकांना ओळखत होते असे म्हणता येईल. वेगळी ठरली, तर एकसरच्या पट्ट्यांवर एकमेकांसमोर आलेल्या जहाजांत कोणती कोठली, हे सांगायला पहिला ठोस आधार मिळेल.